दोन महिन्यांचा दादा

कांगार्सुक हे उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरचं एकसष्ट माणसांचं गाव. त्यातलं एक ते बाळ स्वतः, आणि एक तबीथा. उरलेल्या एकोणसाठ जणांपैकी कोणीही उचललं तरी बाळ खुदकन हसायचं. तबीथाने नुसते हात पुढे केले, की असा टाहो फोडायचं की किनाऱ्यावर बांधलेले कुत्रे उठून बसायचे.

आता तबीथा कोणी परकी होती का? बाळाच्या आईची आई! सख्खी आजी! त्रेसष्ट वर्षांची बाई, चार पोरं स्वतःची वाढवलेली आणि अर्ध्या गावाची शेंबडी नाकं पुसलेली. तिच्या हातात पोर रडतं म्हणजे काय? पण रडायचं खरं. आणि ते रडलं की आसपासचे सगळे एकमेकांकडे बघून माना हलवायचे.

"अजून राग गेला नाही हो म्हाताऱ्याचा."

"जाईल कसा? अकरा वर्षांचा राग आहे तो."

म्हातारा म्हणजे एनोक, तबीथाचा थोरला भाऊ. फेब्रुवारीत छातीचं दुखणं होऊन गेला. एप्रिलच्या शेवटी तबीथाच्या लेकीला, पिपालुकला मुलगी झाली. गावात कोणी गेलं की पुढच्या बाळाला त्याचं नाव द्यायचं, आणि नाव आलं की माणूस परत आला, ही आमच्याकडची साधी गोष्ट. बाळ मुलगा की मुलगी, हे कोणी विचारत नाही. पाद्रीबाई आपल्या वहीत मुलीला शोभेलसं शेपूट नावाला जोडते, गाव नुसतं एनोकच म्हणतं. एनोकची बायको, बिबियाने तिचं नाव, कॉफीचा पुडा घेऊन पिपालुककडे गेली आणि म्हणाली, "आमचं माणूस तुझ्याकडे येऊ दे." पिपालुक लगेच हो म्हणाली. आईला विचारावं असं काही तिच्या मनात आलं नाही. की आलं आणि तिने मुद्दाम विचारलं नाही, हे तिचं तिला माहीत.

झालं! त्या दिवसापासून पिपालुक स्वतःच्या लेकीला म्हणू लागली, "मामा, तोंड उघडा बघू." बिबियाने रोज सकाळी दारातूनच हाक मारायची, "अहो, झोप झाली का?" आणि दोन महिन्यांचे ते अहो तिच्याकडे बघून बोळकं पसरायचे. जावई हान्सेराक लंगोट बदलताना म्हणायचा, "मामेसासऱ्यांचं ढुंगण पुसायचा योग माझ्या नशिबात असेल, असं वाटलं नव्हतं बुवा." दुकानदार मोर्तेनने तर कमाल केली. सहा वर्षांपूर्वी एनोकची करवत मागून नेली होती, ती तेल लावून पाळण्यात आणून ठेवली. "घे रे बाबा तुझी करवत. उगाच मनात नको." बाळ करवतीकडे बघूनही हसलं.

राहिली तबीथा. तिचा तो दादा लागणार. आणि या दादाशी ती अकरा वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

भांडण एका खडकावरून. आमच्याकडे जमीन कोणाच्या बापाची नसते, पण कुठला खडक कोणाचा हे शेंबडं पोरही सांगेल. जूनमध्ये बोटभर लांबीचे अम्मासेत मासे किनाऱ्याला लागतात. बादल्या भरभरून काढायचे, खडकावर एकेक करून पसरायचे आणि उन्हावाऱ्यात वाळवायचे. वर्षभराचं खाणं ते. त्याला खडक हवा उताराचा, सपाट, दक्षिणेला तोंड केलेला. असा झकास खडक तबीथाच्या आईचा होता. जाताना तिने मधोमध गोट्यांची रांग लावून दोघांना अर्धा अर्धा दिला. मग दर हिवाळ्यात रांग एनोकच्या बाजूला दोन बोटं सरकायची. एनोक गरीब स्वभावाचा, बरीच वर्षं बोलला नाही. एक दिवस बोलला.

"तबीथा, गोटे सरकलेत."

"बर्फाने सरकले असतील."

"बर्फ दरवर्षी माझ्याच बाजूला कसा गं सरकतो?"

"बर्फालाच विचार!"

यावर एनोकने काय करावं? आरडाओरडा करावा, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे निदान भांडल्यासारखं तरी वाटेल. त्याने आपले मासे बादलीत भरले आणि सावलीतल्या दमट खडकावर जाऊन पसरले. तिथे अर्धे मासे कुजायचे. अकरा उन्हाळे त्याने कुजलेले मासे फेकले, पण या खडकावर पाय ठेवला नाही. सगळा खडक तबीथाला मिळाला. तिने एनोकचं नाव घेणंच टाकलं. बोलायचीच वेळ आली तर म्हणायची, "तो पलीकडचा." फेब्रुवारीत त्याला पुरलं तेव्हा ती सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, हे गावाने नीट पाहून ठेवलं.

आणि आता हा टाहो!

तबीथाने उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. एनोकला सीलचं काळीज फार आवडायचं, म्हणून तिने एक तुकडा बाळाच्या ओठांवरून फिरवला. पिपालुकने आईला असं फैलावर घेतलं की विचारू नका. मग एकदा बिबियानेचा रुमाल डोक्याला बांधून, आवाज चोरून ती पाळण्याशी गेली. बाळ तिच्या कडेवर आलं. चार श्वास गप्प राहिलं. मग त्याने मान वर करून तोंड पाहिलं आणि जे काही किंचाळलं, त्यावर हान्सेराक खुर्चीतून खाली पडेस्तोवर हसला. तासाभरात गोष्ट दुकानात पोचली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अम्मासेत आले. सगळं गाव गुडघाभर पाण्यात, डास कानात, जाळी आणि बादल्या घेऊन. तेवढ्यात मोर्तेन वरून ओरडला, "पाद्रीबाईचा निरोप आलाय! रविवारी बोट येते! एनोकचा बाप्तिस्मा!"

किनारा एकदम खूष झाला. तबीथाच्या हातातली बादली मात्र जागच्या जागी थांबली. बाप्तिस्म्याला बाळ आजीने धरायचं असतं. सगळ्या गावासमोर. पाद्रीबाई वर्षातून एकदाच येते, म्हणजे पुढे ढकलायचीही सोय नाही.

"तबीथाकाकू," मोर्तेन खाली येऊन म्हणाला, "दुकानात कापूस आलाय. कानात घालायला एकसष्ट जणांपुरता आहे."

"आधी स्वतःच्या तोंडात कोंब," तबीथा म्हणाली. लोक हसले, तिलाही उत्तर जमल्याचं बरं वाटलं. पण तिला माहीत होतं, रविवारी ते पोर तिच्या हातात रडलं की गावाचा निकाल लागला. दादाने माफ केलं नाही, आणि आता करणारही नाही. पुढे जन्मभर हेच. आणि गावाचं एक वेळ जाऊ दे, तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

बिबियाने बादली घेऊन तिच्या शेजारी आली. नणंद-भावजयीचं बोलणं थांबलेलं नव्हतं, पण त्यातला गोडवा केव्हाच गेला होता.

"वन्सं, त्यांना काय हवंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"दोन महिन्यांचं पोर आहे ते. त्याला दूध हवंय."

"माझ्याकडे आले की दूधच मागतात. तुमच्याकडे आले की दुसरं काहीतरी मागतात."

"मग तुलाच सांगत असतील. विचार ना, काय पाहिजे!"

"मी का विचारू? भाऊ तुमचा," बिबियाने म्हणाली आणि पुन्हा पाण्यात शिरली.

शनिवारी दुपारी तबीथाने लेकीची नजर चुकवून बाळ उचललं आणि थेट खडकावर नेलं. बाळ वाटभर रडत होतं. मासे चांदीसारखे पसरलेले, मध्यापासून हातभर डावीकडे आईचे गोटे. तिने बाळाला खडकावर गोधडीत ठेवलं, खाली वाकली आणि गोट्यांची रांग हातभर मागे, स्वतःच्या बाजूला घेतली.

"हं. झालं पूर्वीसारखं?"

बाळ रडतच होतं.

"बरं बाबा, व्याज घे." तिने रांग आणखी हातभर हलवली. मासे गोळा करून जागा मोकळी केली. रडणं तसंच. तिने आणखी हलवली. गुडघे दुखायला लागले, कमरेत उसण भरली, आणि सरकवता सरकवता शेवटचा गोटा खडकाच्या पार टोकाला जाऊन पोचला. आता तबीथाच्या वाट्याला उभं राहण्यापुरतीही जागा नव्हती.

"आता काय समुद्रात उतरून मासे वाळवू?" ती कडाडली. "बर्फाने नेलं होतं ते सगळं परत दिलं, वर माझंही दिलं! अजून काय हवंय तुला?"

'बर्फाने' हा शब्द काढल्याबरोबर बाळाने सूर दुप्पट वाढवला. तबीथा त्या पसाऱ्यात मटकन बसली. दोन समुद्रपक्षी येऊन तिच्यादेखत चार मासे घेऊन गेले, तिने हाकललेही नाहीत.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकल्याने बेजार झालेला मोर्तेनचा बापसुद्धा आला होता. याला देवाची ओढ कधीपासून लागली, असं कोणी विचारलं नाही, कारण सगळे त्याच ओढीने आले होते. तबीथाने मण्यांची गळपट्टी घातली होती आणि पांढरे कातडी बूट. पिपालुकने बाळ तिच्या हातात दिलं. देवळातली माणसं पुढे वाकली.

बाळ रडलं. छपराचे पत्रे थरथरले म्हणतात, ती अतिशयोक्ती. पण पाद्रीबाईच्या प्रार्थनेतला एक शब्द कोणाला ऐकू आला असेल तर शपथ. मागच्या बाकावर मोर्तेन तोंडात टोपी कोंबून हसत होता. पाद्रीबाई नवीन, तरुण, गावच्या भानगडी तिला माहीत नाहीत. ती तबीथाच्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, थोडं डोलवा ना."

"डोलवून गप्प बसणाऱ्यातला नाही तो," तबीथा म्हणाली.

मग पाण्याच्या भांड्यापाशी दोघी आल्या. पाद्रीबाईने मोठ्याने विचारलं, "बाळाचं नाव काय?"

नाव आजीने सांगायचं. अकरा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते. तबीथाने एकदा बिबियानेकडे पाहिलं. बिबियाने हाताची घडी घालून बसली होती.

"एनोक," तबीथा म्हणाली. इतकं हळू की पाद्रीबाईला पुन्हा विचारावं लागलं. "एनोक!" ती ओरडली. आणि एकदा तोंड उघडलं ते तिला मिटता येईना. "एनोक! दादा! गोटे मी सरकवले! बर्फ नाही, मी! दर वर्षी, तू शिकारीला गेलास की जायचे आणि सरकवायचे! ऐकलंस?"

देवळात शांतता. म्हणजे बाळ सोडून. बाळाचं चालूच.

"हे आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे!" मागून मोर्तेनचा बाप म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला नाही सांगत आहे!" तबीथाने पाठमोरीच त्याला झापलं आणि बाळाकडे वळली. "बोलले ना? सगळ्यांदेखत बोलले. आता तरी गप्प हो. दादा, झालं ना आता?"

बाळ लालबुंद होऊन रडत होतं. तबीथाचा चेहरा उतरला. तिने जवळ होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं, आता हातात काहीच उरलं नव्हतं.

"नाही ना करणार माफ?" ती म्हणाली. आवाज वेगळाच आला. "नको करूस. पण तू गेलास तेव्हा मला रडताही आलं नाही रे. सगळे रडत होते. मी कुठल्या तोंडाने रडणार होते? अकरा वर्षं न बोललेली बहीण! मला कोणी रडू दिलं असतं का?"

आणि त्रेसष्ट वर्षांची तबीथा, मण्यांच्या गळपट्टीसकट, पाण्याच्या भांड्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडायला लागली. नाक वाहतंय, तोंड वाकडं झालंय, आवाजाला काही धरबंध नाही. मोर्तेनने तोंडातली टोपी काढून मांडीवर ठेवली. बिबियानेच्या हाताची घडी सुटली.

बाळ थांबलं.

तोंड उघडंच, गालावर पाणी तसंच, पण आवाज बंद. डोळे मोठ्ठे करून ते तबीथाच्या तोंडाकडे बघत राहिलं. तबीथाचा एक अश्रू त्याच्या कपाळावर पडला, तरी पापणी हलली नाही.

"काय बघतोस?" तबीथा हुंदक्यातून म्हणाली. "रडतेय. तुझ्यासाठीच रडतेय. उशीर झालाय, माहीत आहे मला."

बाळ बघतच होतं.

तिने बाहीला नाक पुसलं, बाळ नीट सावरून धरलं आणि पाद्रीबाईला म्हणाली, "घाला पाणी. ऐकतोय तो."