चष्म्याचं घर

निघायच्या दिवशी मी आईच्या चष्म्यावर बसलो. साताऱ्याच्या घरात, बाहेर गाडी हॉर्न देत असताना. आईने मोडकी काडी हातात धरूनच निरोप दिला. "बरं झालं," म्हणाली, "जाताना नीट दिसला नाहीस."

त्याला सहा वर्षं झाली. आधी शिकायला स्टेट कॉलेज नावाचं गाव, मग नोकरीने थेट अलास्कात फेकलं. अ‍ॅशबर्नसारख्या देशी वस्तीतल्या मंडळींनो, तुमच्या कोपऱ्यावर कढीपत्ता मिळतो. माझ्या कोपऱ्यावर मूस उभा असतो, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. व्हिसा असा, की देशाबाहेर पडलो तर परत आत येईनच याची खात्री वकीलसुद्धा देत नाही. आई दर रविवारी विचारते, "कधी येतोस?" मी म्हणतो, "प्रोसेसमध्ये आहे." आता तीही शेजारच्या काकूंना हेच सांगते.

या हिवाळ्यात डोकं फिरायच्या आत एक क्लास लावला. इथले मूळनिवासी अथाबास्कन लोक साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून मूसच्या कातड्यावर शिवतात. हातमोजे, पट्टे, पिशव्या; मणी येण्याआधीचं त्यांचं भरतकाम. शिकवणाऱ्या बाईंना 'मॅडम' म्हटलं, तर म्हणाल्या, "आंटी म्हण." मी लगेच मावशी करून टाकलं. आणि ठरवलं, आईला चष्म्याचं घर करायचं.

काटे भिजवायला मावशींनी कोमट पाणी दिलं होतं. पण पूर्वीच्या बायका तोंडातच धरत, हे ऐकून मला शौर्य सुचलं. धरला, तोही उलटा. टोक ओठात. ओढतोय तर येईना!

मावशी हसून बेजार. "त्याला उलटे दात असतात, बाळा. आत जायला सोपं, बाहेर यायला नाही."

"ठाऊक आहे," मी बोबडं बोललो. "असाच एक माझ्या पासपोर्टात आहे."

शेवटी पक्कड आली.

रविवारी सुजलेल्या ओठाने आईला व्हिडिओवर तयार घर दाखवलं, आणि मग आठवलं. साळिंदराचा काटा घरात आला की भांडणं लागतात, हे तिनेच शिकवलेलं. लहानपणी माळावर सापडलेला काटा तिने मला उंबऱ्यावरूनच परत टाकून यायला लावला होता. म्हटलं, "नको असेल तर नाही पाठवत."

तिने चष्मा चढवून घर नीट पाहिलं. बाबा गेल्यापासून एकटीच असते. ते गेले तेव्हाही मी प्रोसेसमध्येच होतो.

"पाठवू नकोस," म्हणाली. मी घर कॅमेऱ्यासमोरून बाजूला घेतलं. "घेऊन ये. भांडायला माणूस नको का घरात?"

इथल्या अपार्टमेंटला मी कधी घर म्हटलं नाही. घर म्हणावं असं माझ्याकडे सध्या हे एकच, खिडकीत ठेवलेलं. त्यात राहायचा चष्मा साताऱ्यात आहे.