दोन पाण्यांची एक टाकी

साधना मेडशीची, घरात एम.एस्सी. झालेली पहिलीच. वाशीमबाहेर शफीकचाचांच्या शेडमध्ये मोटारसायकलच्या भागांवर निकेल आणि क्रोमचा मुलामा चढे. भाग धुतलेलं पाणी साफ करूनच नाल्यात सोडायचं, हे काम तिचं.

चाचांचं म्हणणं, नुसता चुना टाका. पण नुसत्या चुन्याने क्रोमचं पिवळं पाणी पिवळंच राही. धातू धरून ठेवणारं रेझिन चांगलं, पण ते भरलं की ॲसिडने धुवावं लागे आणि तेच विष घट्ट होऊन पुन्हा हातात येई. साधनाने तिसरा उपाय धरला. पिवळं पाणी औषधाने हिरवं करायचं, मग चुन्याने गाळ बसवायचा. निकेलचं पाणीही त्याच टाकीत. तिच्या शब्दावर चाचांनी टाकी बांधली.

महिन्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. क्रोम गेलं होतं, निकेल मात्र मर्यादेच्या तिप्पट.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. डबा अर्धा टाकून ती टाकीवर जाई, बरणीतलं पाणी उजेडात धरी. पाणी अगदी नितळ दिसे, आणि तेच तिला टोचे. नाल्याच्या खालच्या अंगाला गोमतीबाईंची विहीर होती. साधना दोनदा तिथवर गेली आणि न बोलताच परतली.

शेवटी तिने टाकीतलं पाणी बरण्यांत घेऊन प्रत्येकीत कमी-जास्त चुना टाकून पाहिला. चुना वाढवला तर निकेल खाली बसे, पण क्रोम परत पाण्यात सुटे. कमी केला की उलटं.

"चाचा, माझं चुकलं. टाक्या दोन पायजे होत्या."

"आता सांगून राह्यली? बोअरचं पाणी मिसळ, आकडा उतरते."

"आकडा उतरते, निकेल नाही. ते तेवढंच जाते गोमतीमायच्या विहिरीकडं."

चाचांनी यंत्रांचं बटण स्वतः बंद केलं.

दुसरी टाकी होईस्तोवर काम थांबलं. त्या दिवसांत साधना गोमतीबाईंकडे गेली, सगळं सांगितलं, विहिरीचं पाणी तपासायला घेतलं.

"महिन्याच्या वर झालं म्हणतं, मंग आधी काहून नाही सांगितलं?" म्हातारीने विचारलं.

"भ्याली होती, माय."

विहिरीचं पाणी ठीक निघालं. दोन्ही टाक्यांचाही अहवाल मर्यादेत आला. शेडमागे मात्र टाक्यांतल्या विषारी गाळाची पोती साचली आहेत. ती नेणारी गाडी कधी येईल ते कोणी सांगत नाही. आभाळ भरून आलं की साधना हातातलं काम टाकून पोत्यांवर ताडपत्री ओढायला धावते.