आईने अंगावर घेतलेला गुन्हा

निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण त्या मायलेकी मनातून जात नाहीत.

औंधच्या बाजूला एका गावात एका माणसावर खुरप्याने वार झाल्याची खबर आली. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याला साताऱ्याला हलवले होते. त्याची बायको ओसरीवर बसली होती. "मी मारलं. लिवून घ्या," एवढेच म्हणाली. तिची पहिल्या नवऱ्याची पंधरा वर्षांची मुलगी आत भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बाईचा जबाब झाला. दुपारी ठाण्यात फोन आला. गावातलीच एक बाई होती. "सायेब, ती खोटं बोलतीया. तवा ती आमच्यासंगं रानात भांगलत हुती. घरात पोर एकलीच हुती." नाव न सांगताच तिने फोन ठेवला.

बाईला पुन्हा समोर बसवले. "वार झाला तेव्हा तुम्ही रानात होता," मी म्हणालो. लोक स्वतःला वाचवायला खोटे बोलतात. ही स्वतःलाच अडकवत होती. अखेर ती फुटली. "त्यो अंगाला हात लावतो, असं पोरीनं मला आधीच सांगितलं हुतं. मी तिच्याच थोबाडीत मारली, सायेब. आता एवढं तरी करू द्या."

महिला हवालदार साध्या कपड्यात मुलीजवळ जाऊन बसल्या. मुलगी सगळे बोलली. त्या दिवशी तो पुन्हा जवळ आला आणि तिच्या हाती खुरपे लागले. सावत्र बापावर पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. मुलीने स्वतःला वाचवायलाच वार केला, हे बाल न्याय मंडळाने मानले.

"आता कुठं जायचंय?" मी तिला विचारले.

"आईकडं न्हाई." मग हळूच, "ती जेवली का?"

मुलगी साताऱ्याच्या बालगृहात राहिली. आई दर भेटीला एसटीने यायची. मुलगी बाहेर येत नसे. आई डबा आत द्यायची आणि फाटकाशी बसून राहायची. "तिनं आई म्हनावं असं न्हाई," ती मला म्हणाली, "नुसती दिसावी."

वार कोणी केला, हे मी शोधून काढले. पण ती मुलगी वार करण्याआधीच बोलली होती, तेव्हा तिचे कोणी ऐकले नव्हते. तेव्हापासून कोणतेही मूल काही सांगू लागले, की मी हातातले काम बाजूला ठेवतो.

खटल्याच्या साक्षीसाठी साताऱ्याला गेलो, तेव्हा बालगृहात डोकावलो. त्या दिवशी मुलगी बाहेर आली. आईपासून हातभर लांब बसली, डबा उघडून खाऊ लागली.

"भाकरी जाड झालीया," म्हणाली.

आईने पदरात तोंड लपवले. "व्हय गं," ती म्हणाली, "पुढच्या येळी पातळ करते."