कबड्डीच्या निबंधात सरांचा कोळसा

आमच्या संघटनेत पत्रकं मी लिहितो. मथळ्यापुढं उद्गारचिन्हं किती, हे ठरवायचा अधिकारही माझाच. त्यामुळं महाविद्यालयाचं रसायनशास्त्राचं संशोधन केंद्र बंद पडणार असं कळल्यावर मी चौकशी वगैरे केली नाही. आधी मथळा लिहिला: 'ग्रामीण संशोधनाचा गळा घोटणाऱ्यांनो, जबाब द्या!!'

संतापाला घरचं कारणही होतं. ताई त्याच केंद्रात पीएच.डी. करत होती. तिला तेरला दिलेली. रोज एसटीनं धाराशिवला यायची, संध्याकाळी परत. केंद्र गेलं तर तिला संभाजीनगर गाठावं लागणार, आणि सासूबाईंनी सांगूनच टाकलेलं, "मुक्कामाचं शिक्षण आपल्याला जमायचं न्हाय." म्हणजे ताईचा विषय तिथंच संपला.

केंद्र ताईच्या सरांच्या जिवावर चालायचं. तुरीच्या वाळक्या तुराट्या जाळून कोळसा करायचा आणि बोरच्या पाण्यातलं फ्लोराइड त्यातून गाळून कमी करायचं, यात सरांनी उमेदीची वर्षं घातलेली. पेपर बरेच छापून आलेले. पण केंद्र ठेवायचं का बंद करायचं हे ठरवणारी विद्यापीठाची समिती बघणार होती सायटेशन, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकांनी आपल्या लेखांत सरांच्या पेपरचा संदर्भ किती दिलाय ते. तिथं सरांची पाटी जवळपास कोरी.

"म्हणजे पाठिंबा पायजे," मी ताईला म्हणालो.

"पाठिंबा न्हाय रे. कुणीतरी ते वाचून, वापरून..."

"कळलं."

मला एवढंच कळलं होतं, की ही सह्यांची मोहीम आहे. आणि सह्या गोळा करण्यात आपला हात जिल्ह्यात कुणी धरू शकत नाही.

योगायोगानं महाविद्यालयात परिसंवाद होता. सगळ्या विषयांचे विद्यार्थी निबंध देणार आणि ते सगळे इंटरनेटवर चढणार. मी मुलांच्या वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत फिरलो, मुलींना वर्गांच्या दारांत गाठलं. "संदर्भांच्या यादीत सरांचा पेपर टाका. अन्यायाविरुद्ध उभं राहायचंय का न्हाय?" पोरं भली. कुणी विचारलंही नाही पेपर कशावरचा आहे. बरं झालं, मलाही शीर्षकापलीकडं ठाऊक नव्हतं.

समिती आली. मी दाराबाहेर फलक धरून उभा. थोड्या वेळानं मलाच आत बोलावलं. वाटलं, निवेदन घ्यायला. समितीच्या प्रमुख बाईंनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"कबड्डीपटूंचा दमसास या निबंधात तुराट्यांच्या कोळशाचा संदर्भ आहे. संबंध समजावून सांगाल?"

मी घसा साफ केला. "मॅडम, खेळाडू पाणी पितात."

"आणि जात्यावरच्या ओव्यांमध्ये?"

"बाया तर लईच पितात."

कुणी हसलं नाही. सर खाली बघत होते. ताई माझ्याकडं बघत होती, ते जास्त वाईट. बाई सरांकडं वळून म्हणाल्या, "असे संदर्भ कोण जमवतं, ठाऊक आहे ना? ज्याचे खरे नसतात तो." एवढ्यानं माझं तोंड कायमचं मिटायला हवं होतं. मी म्हणालो, "हे सगळं म्या केलंय, सरांना पत्ता न्हाय!" आणि सवयीनं मूठ वर गेली.

बाईंनी सुनावलं, खोटे संदर्भ लेखकांकडूनच काढून घ्या, मग उरेल ते बघू.

मग उलटी मोहीम. त्याच खोल्या, तीच दारं. कबड्डीवाला आडवा पडूनच म्हणाला, "काल टाक म्हणलास, आज काढ म्हणतोस. तुमच्या संघटनेत फूट पडली का?" ओव्यावाली म्हणाली, "भाऊ, सरांनी काय केलं म्हणून बहिष्कार?" सरांचं नाव मी या जिल्ह्यात खरोखर घरोघर पोचवलं, हे मान्य करावं लागेल.

एकच पोरगी अडून बसली. अणदूरची, एम.एस्सी. करणारी. "मी काढणार नाही. मला तुम्ही सांगितलंच नव्हतं. आमच्या बोरच्या पाण्यावर सरांची पद्धत करून बघितली. कोळसा ते म्हणतात त्याच्या आधीच निकामी होतो, असं लिहिलंय."

"म्हणजे विरोधात लिहिलंस? मग तर काढच!"

तिनं प्रयोगशाळेचं दार लावलं.

मी हे सरांना चिडून सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, तिचा निबंध मागवला आणि उभ्याउभ्याच वाचला. "कुणीतरी करून बघितलं," एवढंच म्हणाले. तोच निबंध त्यांनी समितीपुढं ठेवला, स्वतःची चूक दाखवणाऱ्या ओळीसकट. केंद्राला मुदतवाढ मिळाली. बाईंनी एक अट घातली: त्या मुलीच्या आक्षेपाचं उत्तर प्रयोग करून द्यायचं.

प्रयोग अर्थातच ताईच्या गळ्यात. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मोडलं. अजून वर्षभर तरी एसटी. माझं डोकं तापलं.

"ताई, त्या अणदूरच्या पोरीवर एक पत्रक काढतो."

ताई तराजूवर कोळसा मोजत होती. तिनं मान वर केली नाही. "वर्षभर यायला मिळणार हाय मला. बाहेर जाऊन बोंबल, कोळसा उडतोय."

मी बाहेर गेलो.