राक्षसाचं सूतक

लहानपणी आम्ही जळगावला राहायचो आणि मी मुलींच्या शाळेत तिसरीत होते. शिवणाच्या तासाला आमच्या बाई गोष्ट सांगायच्या. आमचे हात थांबले की त्यांची गोष्ट थांबायची, म्हणून आम्ही आठ जणी मुकाट टाके घालायचो. गोष्ट एका राक्षसाची होती. भर पावसाळ्यात गिरणा नदीत उभा राहिला तरी त्याचे गुडघे भिजायचे नाहीत, एवढा उंच. आणि पाल दिसली की बोंब ठोकत पिंपळावर चढायचा. सातपुड्यापलीकडे त्याची आई होती, तिच्याकडे निघाला होता बिचारा. पण वाटेत ज्याची त्याची कामं करत बसायचा, म्हणून पोचतच नव्हता. माझा फार जीव त्याच्यावर. भाकरीचा एक तुकडा मी रोज त्याच्या नावाने बाजूला ठेवायचे.

एके दिवशी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या थोडं आधी, शाळा तपासणीचे साहेब आले. फाटकाशी टांगा थांबलेला बाईंनी खिडकीतून पाहिला आणि म्हणाल्या, "मग तो राक्षस गिरणेत बुडून मेला. संपली गोष्ट. सरळ बसा."

अहो, मेला कसा? ज्याचे गुडघे भिजत नव्हते तो बुडाला कसा? मी विचारायला उठले तर बाईंनी डोळे वटारले. त्यानंतर त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

आता माझं मेलीचं तेव्हाचं डोकं! घरात माणूस गेलं की दहा दिवस काय पाळतात ते मला पाठ होतं. गोड खायचं नाही, डोक्याला तेल नाही, देवाला शिवायचं नाही. राक्षसाचं इथं दुसरं होतं कोण? मी गुपचूप सूतक धरलं. चौथ्या दिवशी आखाजी आली. पितरांची घागर भरून झालेली, पुढ्यात गोड सांजोऱ्या, आणि नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, खा गं. मी म्हटलं, "मला सूतक आहे."

सगळ्यांचे घास हातात राहिले. सुतकात कुठला सण?

"कुणाचं?"

"राक्षसाचं. शाळेतल्या."

नानांनी जी मुस्काटात दिली, तिची आठवण आली की अजून गाल तापतो. दुसऱ्या दिवशी मला फरफटत शाळेत नेलं. बाईंना विचारलं, असलं अभद्र शिकवता का पोरींना? बाई पांढऱ्याफटक पडल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथं शिवण शिकवतात. गोष्टबिष्ट कुणी सांगत नाही. मुलगी खोटं बोलतेय." बाकीच्या सात जणींनी माना खाली घातल्या. त्याच दिवशी माझं नाव शाळेतून काढलं.

सासरी जाईपर्यंत मी घरात खोटारडी. भांडं कुणीही फोडो, शिव्या मला. धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी दारात उभी असायचे, आणि त्या सात जणी पाटी घेऊन समोरून जायच्या.

लग्न होऊन मी धुळ्याला आले. यजमान कचेरीत कारकून. मुलगी सहा वर्षांची झाली तशी मी हट्टाने तिला शाळेत घातली आणि तिच्याच पाटीवर माझी विसरलेली अक्षरं पुन्हा गिरवायला लागले. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "आई, आमच्या बाईंचा राक्षस पालीला भितो."

परातीतलं पीठ तसंच राहिलं. मी विचारलं, "मेला का गं तो?"

"छे! आईकडे पोचला. आता म्हातारा झालाय, पोरांना खांद्यावर बसवून डोंगर दाखवतो."

माझ्याच बाई बदली होऊन धुळ्याला आल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यापुरता बुडवून मारला, आणि इथं खुशाल नांदवतायत!

नाना तोवर वारले होते. त्यांना दाखवायचं राहूनच गेलं. पण आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. शिवणाच्या तासाला मी तिला नेलं आणि वर्गाच्या खिडकीखाली उभं केलं. आतून बाईंचा आवाज, अगदी तोच. राक्षस, गिरणा, पाल, सगळं तेच. इतकी वर्षं मी याच घटकेची वाट पाहिली होती. मी आईचा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस ना? मी खोटं बोलत नव्हते. ऐकलंस?"

आई खेड्यातली, तिची बोली शेवटपर्यंत तीच राहिली. पदरानं घाम पुसत म्हणाली, "माले ते तवाच ठाऊक व्हतं. तू कधी खोटं बोलनी नही."

"तेव्हाच? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मीच सांगं तुना नानासले, काढी ल्या तिले शाळामाईन. धाकला रांगाले लागना व्हता, मना डोकावर बठ्ठं काम. त्याले कोन संभाळतं?"

मला शाळेतून काढायला हिनंच नानांना सांगितलं होतं, आणि हे ती इतकं सहज म्हणाली! लाज नाही, पश्चात्ताप नाही. मला रडूसुद्धा येईना. बाईंना जाबही विचारायचा होता, तो विचारलाच नाही. त्या बापड्या नोकरी जाईल म्हणून भ्यायल्या असतील. ही तर माझी आई होती.

आई महिनाभर राहणार होती. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. गाडी हलली तशी ती खिडकीतून म्हणाली, "पत्र टाकजो. धाकला वाची दाखाडी."

"लिहील कोण?" मी म्हणाले.