कपड्याच्या साबणाची वडी

आचऱ्याच्या मासळीबाजारात कृष्णाबाईच्या जिभेपुढे टिकेल असं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. बांगड्याच्या डोळ्यांकडे कुणी संशयाने पाहिलं की, "मगे काय तेका चष्मो लावू?" म्हणून मोकळी! तीच बाई आज मालवणात कातडीच्या डॉक्टरांसमोर तोंड शिवून बसली होती.

शेजारी लेक तन्वी. बोटांना भेगा, भेगांत रक्त. महिन्याभरात नर्सिंगला जायचं, तिथे दिवसातून वीसदा हात धुवायचे. असले हात घेऊन पोर जाणार कशी?

"साबण कुठला लावतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"साधाच, अंगाचा," तन्वी म्हणाली. आईकडे तिने बघितलंच नाही.

खोटं होतं ते, कृष्णाबाईला ठाऊक होतं. पाचवीत 'मासेवालीची पोर' म्हणत वर्गातल्या पोरींनी नाक धरलं म्हणून तन्वी रडत आली होती. तेव्हापासून ही बया रोज शाळेआधी लेकीचे हात कपड्याच्या साबणाने नि काथ्याने खसाखसा घासायची. चुरचुरलं म्हणून हात ओढला तर वर धपाटा. पुढे पोरीला तीच सवय जडली. आई स्वतः मात्र बाजारातून आली की हातांना सोलाचं, आमसुलाचं आंबट पाणी चोळायची. लेकीला तसलं गावठी नको, फेसाचं हवं!

"डॉक्टरांनू, चेडू खोटा बोलता," ती एकदम म्हणाली. "कपड्याचो साबण. मीच घासलंय, माशाचो वास जावचो म्हणान."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे समजावू लागले, "मावशी, कातडी जराशी आंबट असते आणि हा साबण जहाल क्षाराचा. मळाबरोबर कातडीचं तेलही ओरबाडून नेतो, मग ती पाणी धरत नाही, तडकते. तो बंद करा, सौम्य क्लिन्झर नि मलम लावा. भरून येईल. वास आंबटाने जातो, फेसाने नव्हे. पण ही कुठे मासळीत हात घालते?"

तन्वीने कधी टोपलीला बोट लावलं नव्हतं. वास तिच्या हातांना नव्हताच; लाज आईला वाटत होती, आपल्याच धंद्याची. आणि सोलली गेली पोर!

घरी तिने सोलाच्या पाण्याने तीनदा हात धुतले. तरी मलमाची ट्यूब लेकीसमोर ठेवून म्हणाली, "तूच लाव गो. माझ्या हातांक वास येता."

तन्वीने दोन्ही पंजे तिच्या मांडीवर ठेवले.

"येंव दे. तूच लाव."