भेगेच्या पुढे धावणारे साडू

साऱ्या चिखलीत पापड कुठून मोडणार हे मोडण्याआधी सांगणारा एकच माणूस, आणि ते माझे साडू. पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे अर्धपोटी उठणं. भाजलेल्या पापडावर बोट टेकवून ते म्हणायचे, "पाहा साडूभाऊ, भेग इकडून निघन अन् त्या फोडापाशी फाटा घेईन." टच्! भेग सांगितल्या वाटेनं जायची. तोवर वाढप्याही पुढे गेलेला असायचा. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच उद्योग कॉम्प्युटरवर मांडला. काच, फरशी, काँक्रिट, काहीही पडद्यावर बारीक चौकटींत विभागायचं, त्यावर भार ठेवायचा आणि भेग एकेका चौकटीतून कशी सरकते ते तासन्‌तास पाहत बसायचं. मेहुणी म्हणायची, "लोकाईचे नवरे क्रिकेट पाह्यतात, आमचे भिंत फाटताना पाह्यतात!"

मी तेव्हा गावच्या शाळा समितीचा अध्यक्ष. शाळेच्या दारावरच्या छज्ज्याला मुळाशी भेग पडली होती. साडूंनी तिच्या टोकाला पेन्सिलच्या खुणा केल्या, मापं कॉम्प्युटरला घातली आणि भर सभेत सांगितलं, "झेंडावंदनाच्या आत हा खाली येईन. पोराईले मागच्या दारानं न्या."

"पापड हाये काय तो?" मी म्हणालो. सभा खो खो हसली.

हसलो खरा, पण धास्ती बसली. मंडपवाल्याला गाठून छज्ज्याखाली दोन सागवानी खांब ठोकून घेतले आणि त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. लोकांनी सजावटीचं कौतुक केलं, साडूंनीही. झेंडावंदन झालं, छज्जा जागच्या जागी. "काऊन साडूभाऊ, तुमचा कॉम्प्युटर आज उठलाच नाही काय?" हे मीच सगळ्यांत मोठ्यानं विचारलं. आणि गंमत अशी की, पडला नाही म्हणजे आता पडत नाही, हे मलाही पटलं! रविवारी मंडपवाला खांब घेऊन गेला. संध्याकाळी छज्जा पायरीवर. सुट्टी होती म्हणून निभावलं.

गाव म्हणालं, साडूंचं खरं ठरलं. साडू मात्र म्हणाले, "खरं कुठचं? उशिरा पडला. माहं गणित चुकलं." तेव्हापासून ते ती चूक शोधतायत, काँक्रिटचा कस कमी धरला की काय म्हणून. कुणी घराची भेग दाखवायला नेलं तर हात जोडतात, "माह्यावर भरोसा नका ठेवू." पंगतीत पापड निमूट खातात. हे सगळं मी पाहत आलो, आणि गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात त्यांना खांबांचं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी विचारलं, "किती जाड होते? कुठं ठोकले होते?" आठवेल तसं सांगितलं. त्यांनी ते दोन खांब पडद्यावरच्या छज्ज्याखाली घातले. आता त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून मीच पाहत होतो.

"थांबली काय भेग?"

"हाव. थांबली."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग हळूच म्हणाले, "एवढी वर्षं मी काँक्रिटवरच संशय घेतला, साडूभाऊ."